तेलाचा ब्रेक

सायकल कुरकुरली की तेल घालावे, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक. साखळीला तेल, आसाला तेल, पेडलला तेल. शाळेची सारी नोकरी आम्ही सायकलीवर केली. तेव्हा शेजारच्या वाडीतला एक मुलगा आपली सायकल घेऊन अंगणात आला आणि म्हणाला, "गुरुजी, ब्रेक दाबला की केवढा ओरडतो बघा," तेव्हा आम्ही पुढे काही विचारलेच नाही. "दोन थेंब तेल घाल," असे सांगून मोकळे झालो.

तो सल्ला चुकला. पोराच्या जिवावर बेतण्यासारखा चुकला.

ती सायकल आमच्या काळातली नव्हती. जाड टायरची, गिअरची, डोंगरात चालवायची सायकल होती. कर्जत-खालापूरकडे आता मुंबईची मंडळी बंगले बांधतात, सुट्टीला येतात, सायकली आणतात. त्यांतली एक जुनी सायकल या मुलाच्या बापाने थोड्या पैशांत विकत घेतली होती. तिच्या दोन्ही चाकांच्या मधोमध ताटलीएवढी पोलादी चकती होती. मुलाने घरी जाऊन शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली आणि दोन्ही चकत्यांवर तेल सोडले. ओरड थांबली. घरात सगळ्यांना बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी तो नेरळहून माथेरानच्या रस्त्याने जुम्मापट्टीपर्यंत चढला. थोडी चालवत, थोडी ढकलत. उतरताना त्याने ब्रेक दाबला. मूठ दाबली जात होती, पण सायकल थांबत नव्हती. वळणावर त्याने सायकल डोंगराच्या अंगाला असलेल्या चरात घातली. डावीकडे डोंगर आणि उजवीकडे दरी अशी जागा होती. पोरगं हुशार म्हणून डावीकडे गेलं. हात मोडला, दीड महिना प्लास्टरमध्ये होता.

त्याचा बाप आम्हांला भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "गुरुजी, तेल तर घातलं होतं की हो!" त्याचा आमच्यावर राग नव्हता. त्यामुळेच आम्हांला जास्त लागले.

मग आम्ही कर्जतच्या एका मोटारसायकल मिस्त्रीकडे चार दिवस जाऊन बसलो. वय झाले म्हणून शिकू नये असे थोडेच आहे? जे पाहिले, विचारले आणि हाताने करून बघितले, ते येथे लिहीत आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे गिअरची सायकल नाही. पण तुमच्या मुलाच्या, जावयाच्या मोटारसायकलीचे पुढचे चाक पाहा. तेथेही पुष्कळदा हीच चकती असते. बाजाराला जाताना तुम्ही त्याच गाडीवर मागे बसता.

चकती आणि चिमटा

जुन्या सायकलीला लोखंडी सळ्यांचा ब्रेक असे. मूठ दाबली की सळी ओढली जाई आणि रबराचे तुकडे चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, घासत. पावसात रिम ओली झाली की रबर घसरे. चिखल लागला की आणखी घसरे. आषाढात ब्रेक दाबून पाय जमिनीला घासत थांबणारी माणसे आम्ही खूप पाहिली. आमच्याही चपलांचे तळ त्यातच झिजले.

नव्या ब्रेकमध्ये रिमचा संबंध नाही. चाकाच्या मध्यावर पोलादी चकती बसवलेली असते. ती चाकाबरोबर फिरते. मिस्त्री तिला डिस्क किंवा डिस्क प्लेट म्हणतात. चकतीच्या कडेवर एक जाड चिमटा बसवलेला असतो. तो फिरत नाही. त्याला कॅलिपर म्हणतात. चिमट्याच्या आत चकतीच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. पॅड म्हणजे लोखंडी पत्र्यावर बसवलेला घासणारा थर. आपण हँडलवरची लिव्हर दाबतो, चिमट्यातले पॅड चकतीला आवळतात आणि चाक थांबते.

अशा ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरने १९०२ साली मोटारीसाठी चकतीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळत. तेव्हा ओरडण्याचे हे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे.

दोन सिरिंजांचा प्रयोग

आता लिव्हर हँडलवर, चिमटा खाली चाकापाशी. मधे फक्त एक बारीक नळी. हाताचा जोर खाली पोचतो कसा?

तेलातून पोचतो. नळी तेलाने काठोकाठ भरलेली असते आणि दोन्ही टोकांना बंद असते. लिव्हर दाबली की ती वरच्या बाजूचा एक लहान दट्ट्या आत ढकलते. दट्ट्या तेलाला ढकलतो. तेलाला जायला दुसरी वाट नसते, म्हणून ते खालचे दट्टे ढकलते. खालचे दट्टे पॅडना चकतीवर दाबतात. या दट्ट्यांना मिस्त्री पिस्टन म्हणतात.

बंद नळातले पाणी किती जोर करते ते आपल्याकडे वेगळे सांगायला नको. खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे मोठाले नळ तुम्ही पाहिले असतील. वर लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी त्यांतून सुमारे ५०० मीटर खाली येते आणि वीज करणारी चक्रे फिरवते. खोपोलीची वीज १९१५ साली मुंबईला जाऊ लागली.

पण ब्रेकची खरी गंमत घरी करून पाहता येते. औषधाच्या दुकानातून दोन नव्या सिरिंज आणा, एक लहान आणि एक मोठी. सुया नकोत. दोन्हींच्या तोंडांना घट्ट बसेल अशी प्लॅस्टिकची बारीक नळी हातभर घ्या. सगळे पाण्याखाली धरून भरा, म्हणजे आत हवा राहणार नाही. आता लहान सिरिंज तुम्ही दाबा आणि मोठीचा दट्ट्या दुसऱ्याला अंगठ्याने रोखायला सांगा. त्याला रोखता येणार नाही. लहान मुलाने लहान सिरिंज दाबली तरी मोठ्या माणसाचा अंगठा मागे सरतो.

असे का होते? बंद पाण्यावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो. मोठ्या दट्ट्याचे तोंड लहानाच्या चौपट असेल तर त्याच्यावर जोरही चौपट पडतो. मात्र फुकट काही मिळत नाही. लहान दट्ट्या चार बोटे सरकला तर मोठा एकच बोट सरकतो. हा नियम पास्कल नावाच्या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात सांगितला. सायकलीच्या ब्रेकमध्ये हेच चालते. वरचा दट्ट्या लहान, खालचे मोठे. त्यातच लिव्हर लांब, तिचाही फायदा मिळतो. म्हणून दोन बोटांनी दाबले तरी माणसासकट सायकल थांबते.

आता तोच प्रयोग थोडा बिघडवू. नळीत मुद्दाम चार बोटे हवा राहू द्या आणि दाबा. लहान दट्ट्या आत जातो, पण मोठा नीट हलत नाही. सोडला की लहान दट्ट्या मागे येतो. हवा दबली आणि फुगली, काम काहीच झाले नाही. पाणी आणि तेल जवळजवळ दबतच नाहीत. हवा मात्र कापसाच्या उशीसारखी दबते.

एवढे कळले म्हणजे या ब्रेकची बहुतेक दुखणी कळली. तेलाची जागा आत आहे. तेथे हवा शिरली तर ब्रेक बिघडतो. आणि ते तेल, किंवा कोणतेही तेल, बाहेर चकतीवर आले तरी ब्रेक बिघडतो. आमच्या हातून झाले ते हे दुसरे.

ब्रेक ओरडतो तेव्हा

पॅड चकतीला घासतो म्हणून चाक थांबते. घासणेच काढून घेतले तर काय राहिले? कोयत्याची मूठ तेलकट झाली तर हातात राहत नाही, तसेच हे. चकतीवर तेल आले की आधी ब्रेक किंचाळतो किंवा एकदम मुका होतो, आणि पकड जाते.

हे तेल दर वेळी कोणी मुद्दाम घालत नाही. साखळीला तेल देताना थेंब उडतात. हवेच्या दाबाने फवारायचे तेल असेल तर त्याचा धुरळा मागच्या चकतीवर बसतो. म्हणून साखळीला तेल देताना चकतीवर जुने वर्तमानपत्र झाकावे. चकतीला बोटही लावू नये. बोटाला घाम आणि तेलकटपणा असतो. आणखी एक कारण म्हणजे खालून चिमट्यातूनच तेल झिरपत असणे. तसे असेल तर पुसून उपयोग नाही, ते मिस्त्रीलाच दाखवावे.

चकती साफ करायला औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. ते स्वच्छ, नव्या फडक्यावर घेऊन चकती दोन्ही बाजूंनी पुसावी. फडके काळे झाले की दुसरे घ्यावे. हे द्रव्य पेट घेते, तेव्हा चुलीपासून आणि विडीपासून दूर बसावे. ते मिळाले नाही तर साबणाच्या पाण्याने चकती धुवावी, साध्या पाण्याने साबण पूर्ण काढावा आणि कोरडी करावी. रॉकेल, डिझेल, पेट्रोल नको. त्यांचा तेलकट अंश मागे राहतो. करोनाच्या साथीपासून घराघरात हात चोळायची सॅनिटायझरची बाटली असते. तीही चालत नाही. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन घातलेले असते, आणि ते चकतीवर बसते.

पॅडचे दुखणे जास्त अवघड. पॅड तेल पितो. वरवर थोडे लागले असेल तर पॅड काढून काचपेपरवर हलकेच घासून पाहता येतो. पण आत मुरले असेल तर नवे पॅड घालावे. काही जण पॅड गॅसवर भाजतात आणि तेल जळाले म्हणतात. आमच्या मिस्त्रीने त्याला साफ नकार दिला. धूर वाईट, आणि घासणारा थर पत्र्यापासून सुटण्याची भीती. ज्याच्यावर जीव टांगायचा त्यात काटकसर कशाला?

पावसात ब्रेक ओरडला तर मात्र घाबरू नये. चकतीवर पाणी असते. दोनचारदा दाबले की ते उडते आणि आवाज जातो. कोरड्या रस्त्यावरही ओरडत राहिला तरच शोध घ्यावा.

लिव्हर फुसफुशीत झाली तर

मिस्त्रीकडे बसलो असताना एक जण सायकल घेऊन आला. त्याचे बोलणे असे झाले.

"भाऊ, काल चांगला होता ब्रेक. आज बघा, लिव्हर हँडलला टेकते."

"काल काय केलंस?"

"काय नाय. पंक्चर काढलं."

"सायकल उलटी केली होती ना?"

"मग? सरळ ठेवून पंक्चर कसं काढायचं?"

मिस्त्री हसला. त्याने सायकल सरळ उभी केली, दहा-पंधरा वेळा लिव्हर सावकाश दाबली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. ब्रेक पुन्हा घट्ट झाला.

आम्ही कारण विचारले. लिव्हरपाशी तेलाची एक छोटी टाकी असते. पॅड झिजत जातात तसे तेल खाली उतरते आणि टाकीत वरच्या बाजूला थोडी हवा जमू शकते. सायकल सरळ असते तेव्हा ती हवा वरच राहते. तिचा उपद्रव नसतो. पण पंक्चर काढायला आपण सायकल हँडलवर उलटी उभी करतो. मग टाकी खाली आणि नळी वर होते. हवा तर नेहमी वर धावते. ती नळीत शिरते. म्हणून या सायकलीचे पंक्चर ती आडवी न टाकता, झाडाच्या फांदीला किंवा खुंटीला टांगून काढावे. उलटी करावीच लागली तर नंतर लिव्हर दाबून ब्रेक घट्ट झाल्याची खात्री केल्याशिवाय वर बसू नये.

असे करूनही लिव्हर फुसफुशीत राहिली तर हवा आत खोल गेली आहे. मिस्त्री म्हणतात, ब्रेकने एअर धरली. ती काढावी लागते. पहिल्यांदा हे काम जाणत्याकडून होताना पाहावे. रीत अशी. सायकल पक्की उभी करून लिव्हर सपाट करतात. चाक आणि पॅड काढून बाजूला, दूर ठेवतात, नाहीतर त्यांवर तेल सांडेल. चिमट्यात पिस्टनच्या मधे एक ठोकळा बसवतात. लिव्हरवरचा लहान स्क्रू काढून तेथे पेल्यासारखी कुपी लावतात. खाली चिमट्याला एक बारीक तोटी असते, तिला तेलाने भरलेली सिरिंज जोडतात. तोटी जराशी सैल करून सिरिंज हळूहळू दाबतात. तेल खालून वर चढते आणि हवेचे बुडबुडे पुढे ढकलत वरच्या कुपीत नेते. खालून वर का? हवेला वरच जायचे असते म्हणून. बुडबुडे थांबले की तोटी आवळतात, नळीवर टिचक्या मारतात, लिव्हर सावकाश दाबतात, तेव्हा अडून बसलेले आणखी दोनचार बुडबुडे वर येतात.

मोटारसायकलीचे काम बहुधा उलट करतात. वर टाकीत तेल घालतात आणि लिव्हर दाबून धरून खालची तोटी क्षणभर उघडतात. त्यात एकच गोष्ट सांभाळायची. टाकी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा हवा शिरते आणि सगळे पहिल्यापासून.

आता एक परीक्षा. लिव्हर जोराने दाबून धरा आणि मनात २० पर्यंत अंक मोजा. लिव्हर जागच्या जागी राहिली तर ठीक. हळूहळू आत बुडत गेली तर तेल कोठेतरी निसटत आहे. नळीचे सांधे आणि चिमटा कोऱ्या कागदाने टिपून पाहा. डाग पडला तर जागा सापडली. कोठेही डाग नसेल तर आतले रबर गेले असेल. दोन्ही वेळा गाडी बंद ठेवायची. "हळू जाईन" म्हणायचे नाही.

कोणते तेल?

येथे पुष्कळांची फसगत होते. ब्रेकचे तेल दोन जातींचे असते. एक खनिज तेल, त्याला मिनरल ऑइल म्हणतात. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा या कंपन्यांचे सायकलीचे ब्रेक त्यावर चालतात. दुसरे डॉट तेल. मोटारसायकलीत बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असते, आणि सायकलीच्या काही ब्रेकमध्येही डॉट तेल घालतात. एकाच्या जागी दुसरे घालू नये. आतले रबर ज्या तेलासाठी बनवलेले असते तेच त्याला मानवते. दुसऱ्याने ते फुगते, सडते आणि ब्रेक कायमचा जातो. खोबरेल, गोडेतेल, इंजिन ऑइल, शिवणयंत्राचे तेल यांतले काहीच चालत नाही.

कोणते तेल घालायचे ते टाकीच्या झाकणावर किंवा लिव्हरवर कोरलेले असते. पण ते इंग्रजी अक्षरांत असते. आपण नुकतेच मराठी वाचायला शिकलो आहोत, इंग्रजीची घाई नाही. घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. त्यात कमीपणा कसला? ती वाचील ते मराठीत वहीत लिहून ठेवा, आणि दुकानात बाटली घेताना वही दाखवा.

डॉट तेलाचा एक अवगुण आहे. ते हवेतली ओल पिते. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने मीठसुद्धा बरणीत पाझरते, तेथे या तेलाचे काय सांगावे! ताजे डॉट ४ तेल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, असा नियम आहे. पण त्याच्या १०० भागांत ४ भागांहूनही कमी पाणी मुरले तरी ते १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. उकळले की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. म्हणून डॉट तेल वर्षा-दोन वर्षांनी बदलावे. उघडी राहिलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये. हे तेल रंग खाते आणि कातडीलाही बरे नाही. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

पॅड, ठोकळा आणि दोन बोल्ट

पॅड झिजतात. चिखलातून सायकल गेली की वाळूचे कण चकती आणि पॅडच्या मधे सापडतात आणि पॅड कानशीने घासल्यासारखा जातो. उन्हाळ्यात पुष्कळ महिने टिकणारा पॅड आपल्या पावसात थोड्या दिवसांत संपू शकतो. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावे. या पुस्तकाची दहा पाने एकत्र दाबून धरा. ती साधारण १ मिलिमीटर जाड होतात. पॅडचा घासणारा थर एवढाच उरला की नवा पॅड आणायला निघावे. पाच पानांएवढा उरला तर सायकल काढूच नये. पुढे लोखंड लोखंडाला घासते आणि चकतीही जाते.

चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नये. मधे चकती नसल्यामुळे पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पोरांना मूठ दाबायची खोड असते. म्हणून चाक काढले की पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ठेवावा. टेम्पोत सायकल टाकतानाही हेच करावे. दाबली गेलीच तर पॅड लाकडाच्या सपाट पट्टीने हलकेच मागे सारावेत. पेचकस घालून उचकटू नयेत.

चकती एका बाजूला सारखी घासत असेल तर चिमटा वाकडा बसला आहे. त्याचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा, म्हणजे चिमटा आपोआप चकतीवर मधोमध येतो. तसेच धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. झाले. चाक फिरताना एकाच जागी घासत असेल तर चकती वाकली आहे. ती हातोडीने ठोकू नका.

नवे पॅड घातले की ते लगेच पकडत नाहीत. सपाट, रिकाम्या रस्त्यावर जरा वेग घ्यावा आणि ब्रेक दाबून चालण्याइतका वेग उरेपर्यंत हळू करावे. चाक अडकू देऊ नये. असे वीसेक वेळा केले की पॅडचा थर चकतीवर सारखा बसतो आणि पकड येते. नवे पॅड घालून थेट घाटात जाऊ नये.

उतारावर

बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा धनगराने दाखवली, असे लोक सांगतात. गाडीवाले तेथे नाणे टाकतात. जरूर टाकावे. पण त्याच जागी एकदा लिव्हरही दाबून पाहावी.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट पहिल्यांदा चढणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. चढताना छाती लागते. उतरताना ब्रेक लागतो. हे रेल्वेलाही लागू आहे. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तेथे काही ठिकाणी ३७ फूट पुढे गेले की १ फूट उंची चढते. वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, ते आपण वडा खाताना फलाटावरून पाहतोच. उतरणाऱ्या गाडीची काळजी वेगळी. घाटात मधे मधे रुळांचा एक फाटा डोंगराच्या बाजूला चढावर नेलेला आहे. गाडी आवरली नाही तर ती त्या फाट्यावर जावी आणि चढावर थांबावी, अशी सोय आहे. सायकलवाल्यासाठी मात्र असा फाटा कोणी बांधलेला नाही.

ब्रेक वेगाची उष्णता करतो. उतारावर सारखा दाबून ठेवला तर चकती तव्यासारखी तापते, पॅड जळतो, आतले तेल उकळते, आणि लिव्हर दाबली तर रिकामी जाते. म्हणून ब्रेक दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. पुन्हा दाबायचा. दोन्ही ब्रेक मिळून वापरायचे. पुढच्या ब्रेकने जास्त थांबते, कारण थांबताना वजन पुढे येते. पण तो एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. मोटारसायकल उताराला बंद करून सोडू नये. पेट्रोल वाचते, पण इंजिनाचा लगाम सुटतो. चढताना जो खालचा गिअर लागला तोच उतरताना ठेवावा. बिनगिअरच्या स्कूटरला हा लगाम नीट नसतो. तिने मधे थांबत थांबत उतरावे.

लिव्हर सैल वाटू लागली किंवा जळका वास आला की रस्त्याच्या कडेला थांबावे. पाऊण तास गेला तरी जाऊ द्यावा. तापलेल्या चकतीला हात लावू नये, आणि तिच्यावर पाणीही ओतू नये. ती वाकते.

त्या मुलाच्या सायकलीच्या चकत्या आम्ही दोघांनी मिळून साफ केल्या. तेल प्यालेले पॅड टाकून नवे घातले. त्यांचे पैसे आम्ही दिले. नेरळच्या सपाट रस्त्यावर त्याने वीस वेळा ब्रेक दाबला, आणि आम्ही कडेला उभे राहून मोजले.

प्रश्न

गटात बसून उत्तरे सांगा. कोणाचे चुकले तर हसू नका, आमचेही चुकले होते.

१. शेजाऱ्याने पंक्चर काढण्यासाठी सायकल उलटी केली. आता लिव्हर हँडलला टेकते. तुम्ही त्याला आधी काय करायला सांगाल?

२. तुमच्या घरच्या मोटारसायकलीच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिले आहे? वाचून घ्या आणि वहीत मराठीत लिहून आणा.

३. पावसाळ्यात पॅड लवकर का झिजतात?

४. एक जण म्हणतो, "ब्रेक ओरडत होता, सॅनिटायझरने पुसला, तरी पकडत नाही." त्याचे काय चुकले?